इलेक्ट्रोमॅग्नेटसाठी तार: २२ गेज की २८?

१० मिमीचा बोल्ट, ३०० वेढे, दीड व्होल्टचा एक सेल. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २८ गेजच्या एनॅमल (वीज अडवणारा लेप असलेल्या) तारेचा रोध भरतो साधारण पावणेदोन ओहम, प्रवाह ०.८५ अँपिअर, म्हणजे सुमारे २५० अँपिअर-वेढे (प्रवाह गुणिले वेढे, ओढीचं माप). २२ गेजला रोध जेमतेम अर्धा ओहम. कागदावर ३ अँपिअर, ९०० अँपिअर-वेढे. प्रत्यक्षात पेन्सिल सेल तिथेच मान टाकतो आणि तापतो. जाड तार घ्यायचीच तर मोठा डी सेल हवा.

२८ चे वेढे ६०० केले तर? प्रवाह निम्म्यावर येतो, ओढ जवळपास तेवढीच राहते, पण सेल दुप्पट टिकतो. पेन्सिल सेलवर आमचं मत २८ लाच.

दोन्हींत टोकांचं एनॅमल पॉलिश पेपरने नीट खरवडा. नाहीतर प्रवाहच जाणार नाही. ८.८ छापलेला कडक बोल्ट टाळा, सेल काढल्यावरही टाचण्या सोडत नाही.