थ्रेशरच्या ड्रमचे फेरे मोजायला: हॉल सेन्सर की प्रॉक्सिमिटी?

इंटरप्ट (पिनवर सिग्नल येताच चालू काम थांबवून त्याची दखल घेणारी सोय) काय असतो आणि आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या कुठल्या पिनवर मिळतो, हे ठाऊक आहे असं धरून चालतो. खरी अडचण पुढे येते: शाफ्टपाशी बसवायचं काय? चुंबक लावून ते ओळखणारा हॉल सेन्सर, की लोखंड ओळखणारा प्रॉक्सिमिटी? इंदूरहून सांवेर-देपालपूरकडे जी थ्रेशरं हाताखालून गेली, त्यांवर मी दोन्ही बसवलेत. चालतात दोन्ही.

मोजायचं मात्र ड्रमच्याच शाफ्टवर. ट्रॅक्टरच्या डायलवर पीटीओ (थ्रेशरला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांना ठाम उभा दिसतो, पण मधला पट्टा घसरत असेल तर डायलला त्याचा पत्ता नसतो. गव्हाला तेवढं खपून जातं. बियाण्याच्या सोयाबीनला ड्रमचे मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेरे सांगतात. त्याच्या फार वर गेलात की दाणा तडकतो आणि उगवणीत मार बसतो. म्हणजे चारशे आणि साडेचारशे यांतला फरक मीटरला दिसलाच पाहिजे. आयआर (अदृश्य उजेड टाकून तो परत येतो का बघणाऱ्या) सेन्सरचं नाव मी घेतच नाही. भुसा काचेवर बसतो, आणि भर उन्हात तो स्वतःचाच उजेड ओळखत नाही.

हॉलची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तोच सरस आहे. ए३१४४ सारखा तुकडा इंदूरच्या जेल रोडला चहाच्या पैशात मिळतो, ५ व्होल्टवर चालतो, म्हणून पॉवर बँकही पुरते. आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे तो लाइन फक्त शून्याकडे खेचतो, वरचे व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात. त्यामुळे ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा कंट्रोलर) असेल तर पुल-अप, म्हणजे लाइन वर धरणारा रेझिस्टर, ३.३ ला द्या, काम झालं. पल्स स्वच्छ. नियोडिमियमचं चुंबक असलं तर अंतरही जरा मोकळं ठेवता येतं.

पण ते चुंबक! थ्रेशरच्या शाफ्टवर ग्रीस असतंच. पेट्रोलने पुसा, पॉलिश पेपर मारा, दोन ट्यूबवालं इपॉक्सी लावा, रात्रभर सुकू द्या. ड्रमचा हादरा त्याला कधी ना कधी सोडवतोच. पडलेलं चुंबक खालीसुद्धा पडत नाही, शेजारच्या अँगलला नाहीतर पुलीच्या आतल्या अंगाला जाऊन चिकटतं आणि मीटर शून्य दाखवतो. सापडलंच तर पुन्हा बाजू तपासा, कारण हा सेन्सर एकाच ध्रुवाला जुमानतो. उलटं चिकटवलं तर काहीच दिसत नाही. आणि हे सगळं कधी? ऐन हंगामात, खळ्यावर ट्रॉल्या लागलेल्या असताना. मालक सरळ सांगतो, ‘भिया, मीटर छोड़ो, मशीन चालू करो.’ त्याचंही चूक नाही. पुलीला भोक पाडून चुंबक आत बसवता येतं म्हणा, पण भोवतीचं लोखंड त्याचा बराच जोर खाऊन टाकतं, आणि दुसऱ्याच्या पुलीला ड्रिल लावायची परवानगी मिळवणं हा वेगळाच विषय.

प्रॉक्सिमिटीला शाफ्टवर काही चिकटवावंच लागत नाही. पुलीच्या बोल्टांची डोकी आयतीच फिरत असतात, तीच मोजायची. एलजे१२ए३ जातीचा १२ मिमीचा सेन्सर अँगलच्या पट्टीत दोन नटांनी कसला, ट्रॅक्टरच्या बॅटरीतून फ्यूज टाकून १२ व्होल्ट दिले, की झालं. त्यालाही नखरे आहेत. काहींच्या आत पुल-अप असतो आणि कंट्रोलरच्या पिनवर थेट १२ व्होल्ट येतात, म्हणून मध्ये पीसी८१७ (सिग्नल उजेडातून पुढे देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा ऑप्टोकपलर) हवाच. ४ मिमीची रेंज लिहिलेली असते, मी दोन-अडीचवर ठेवतो. बेअरिंग ढिलं असेल तर त्याहून जवळ नेऊ नका, बोल्ट सेन्सरचं तोंड फोडेल.

आणखी एक. बोल्टांमधली अंतरं क्वचितच सारखी असतात, त्यामुळे दोन बोल्टांमधल्या वेळेवरून काढलेला आकडा नाचतो. एका सेकंदातल्या पल्स मोजल्या तर चार बोल्टांवर एका पल्सची चूक म्हणजे १५ फेरे. त्यापेक्षा मायक्रोसेकंदांत पूर्ण फेऱ्याचा वेळ घ्या, म्हणजे पहिल्या बोल्टापासून परत त्याच बोल्टापर्यंत. चारशे फेऱ्यांना तो १५० मिलिसेकंद येतो आणि आकडा बऱ्यापैकी स्थिर राहतो. अचूकता मी काही प्रयोगशाळेत तपासलेली नाही. हातातल्या टॅकोमीटरशी जुळलं, मला पुरलं.

हॉलला मी मोडीत काढत नाही. पेरणी यंत्राचं चाक हळू फिरतं, डगमगतं, तिथे मोकळं अंतर कामाला येतं आणि चुंबकही टिकतं. बेंचवर काही करून बघायचं असेल तरी हॉलच सोयीचा. थ्रेशरसाठी मात्र मला विचाराल तर प्रॉक्सिमिटी घ्या. नटांखाली स्प्रिंग वॉशर टाका आणि केबल फ्रेमच्या आतल्या अंगाने न्या. बाहेरून लोंबती ठेवली तर पेंढ्या आत टाकताना कुणाच्या तरी हाताला अडकून ती तुटतेच.