किडेपो व्हॅली: लांब आहे, पण गर्दीला कंटाळलात तर जाच

आमचे बाबा चंद्रपूरचे, ताडोबा कोळून प्यायलेले. त्यामुळे आई-बाबा युगांडात कंपालाला आमच्याकडे आले तेव्हा त्यांना कुठलंही जंगल दाखवून चालणार नव्हतं. सगळे मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानाला नेतात. आम्ही किडेपोला नेलं. युगांडाचा पार ईशान्य कोपरा, दक्षिण सुदान आणि केनियाच्या सीमेला खेटून. १९६२ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, १,४४२ चौरस किलोमीटर.

आधी रस्त्याचं सांगते. गुलू, किटगुममार्गे अख्खा दिवस जातो आणि किटगुमनंतर लाल मुरूम. कंबर दुखणाऱ्यांनी एंटेबेहून छोटं विमान करावं, पण ते खिशाला झेपत असेल तरच. आमच्या भाड्याच्या गाडीचं वर उघडणारं छत अर्ध्यातच अडकलं. कंपनीला फोन केला तर "उद्या बघतो" म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. गाडी ठरवताना छत स्वतः उघडून बघा.

आता जंगल. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, पाणी उरतं ते नारुस खोऱ्यात, आणि सगळी जनावरं तिथेच गोळा होतात. रानम्हशींचा कळप एवढा मोठा की तो रस्ता ओलांडेपर्यंत आईचा थर्मासमधला चहा पिऊन झाला. म्हशींच्या पाठीवर लाल चोचीचे पक्षी गोचिड्या टिपत होते. एक पठ्ठ्या तर थेट म्हशीच्या कानात डोकं घालून बसलेला. सिंह दिसला खडकावर पसरलेला. आजूबाजूला दुसरी एकही गाडी नाही. बाबा हळूच म्हणाले, "आपल्याकडे एव्हाना पंचवीस जिप्सी लागल्या असत्या." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

युगांडातल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी चित्ता आणि शहामृग याच उद्यानात आहेत. आम्हाला शहामृग दिसले, चित्ता नाही. तेव्हा यादी घेऊन येणाऱ्यांची निराशा होऊ शकते.

मला सगळ्यात आवडलं ते किडेपो नदीचं कोरडं पात्र. पांढरी वाळू, दोन्ही काठांना ताडाची झाडं. बंदूकवाल्या रेंजरबरोबर पात्रात उतरून चालता येतं. बाबांनी खाली पडलेलं फळ उचलून "ताडगोळ्याचा भाऊबंद" असा निकाल दिला. मात्र त्या बाजूला त्सेत्से माशा आहेत आणि कपड्यांवरूनही चावतात. निळे-काळे कपडे अजिबात घालू नका, त्यांना ते रंग फार आवडतात.

राहण्याचं म्हणाल, तर उद्यानातच अपोकाला वन्यजीव खात्याच्या साध्या खोल्या आहेत. रात्री अंगणात जनावरं चरत असतात, तेव्हा दार उघडण्याआधी टॉर्च मारायचा. शाकाहारी जेवणाची आशा धरू नका. आईने नेलेल्या मेतकूट आणि दशम्यांवर आमचं निभावलं.

भारतातून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचा दाखला सोबत ठेवावा, परतताना मुंबईतही तो बघतात. इथे राहणाऱ्यांनी रहिवासी परवाना विसरू नये, प्रवेशशुल्क कमी पडतं. डिझेल किटगुमलाच टाकी भरून घ्या. तीन रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर मर्चिसनला जा, एवढ्या लांबचा खटाटोप परवडत नाही.