झूमवर गाणं-वाजवणं शिकवायचं तर: आधी सेटिंग बदला

झूम मुळात बोलण्यासाठी घडवलेलं आहे, आणि संगीताच्या तासाला ते पदोपदी जाणवतं. तानपुऱ्याचा सलग नाद म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून ते तो गिळून टाकतं. लांबवलेला स्वर मध्येच विरतो, तबल्याचा घुमारा बोथट होतो. दोष शिष्याच्या गळ्याचा नसतो.

उपाय अॅपमध्येच आहे. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा, त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ सुरू करा आणि ‘एको कॅन्सलेशन’ (प्रतिध्वनी गाळणारी सोय) बंद ठेवा. मग तास सुरू झाल्यावर स्क्रीनवरचं ‘ओरिजिनल साउंड’चं बटण ‘ऑन’ आहे ना, हे बघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. हे दोन्ही टोकांना करायचं, कारण शिष्याचा आवाज त्याच्याच यंत्रावर गाळला जातो. एको कॅन्सलेशन बंद केलं की हेडफोन हवाच, तोही वायरचा. ब्लूटूथने आवाज आणखी उशिरा पोचतो आणि त्याचा माइक सुरू होताच दर्जा घसरतो.

एवढं केल्यावर स्वरस्थान, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं), बोटांचा आघात नीट ऐकू येतो. एकत्र वाजवणं मात्र विसरा. आवाज जाऊन यायला लागणारा वेळ कुठल्याच सेटिंगने शून्य होत नाही. ठेका आणि तानपुरा शिष्याच्याच बाजूला लावायचा, शिक्षकाने नुसतं ऐकायचं.

फुकट खात्यात मीटिंग ४० मिनिटांत तुटते. नवशिक्यांना ती पुरते, रागविस्ताराला अजिबात नाही.