एका नाटकात पाच थोरल्या सुना

माझे २१,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण "किती गेले?" हेच जो तो पहिलं विचारतो आणि पुढचं ऐकताना मनात त्याचाच हिशेब करत बसतो.

मी भांडुपला राहते, परळच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसून रक्ताचे रिपोर्ट वाटते आणि चौदा वर्षं हौशी नाटकं करते. आधी एकांकिका, मग आमच्या मंडळाकडून राज्य नाट्य स्पर्धा, एकदा अभिनयाचं प्रमाणपत्र. व्यावसायिक रंगभूमीवर काम करायचं मनात होतं, पण एकोणचाळिसाव्या वर्षी असलं काही बोलून दाखवायची चोरी असते.

फेब्रुवारीच्या शेवटी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरत आली. नवं व्यावसायिक नाटक, उन्हाळी दौरा, १२ एप्रिल ते ३१ मे, ३२ प्रयोग. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा. यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. मे महिन्यात मुंबईकर गावाला पळतो, त्याच्या मागोमाग नाटकांच्या बसही पळतात, आणि पाऊस लागला की मैदानातले प्रयोग बंद. दौऱ्याच्या तारखा अशाच असतात. ज्याने कोणी ती जाहिरात लिहिली त्याला हा धंदा आतून माहीत होता.

ऑडिशन रविवारी, दादर पूर्वेला, तासावर भाड्याने मिळणाऱ्या एका हॉलमध्ये. नोंदणीचे ३०० रुपये. कुर्त्यावर सेफ्टी पिनने लावलेला कागद, माझा नंबर ४७. टेबलामागे तिघं. मी माझं स्पर्धेतलं स्वगत केलं, बरं झालं. मधे बसलेले सर पन्नाशीचे, खादीचा झब्बा, चष्मा कपाळावर चढवलेला. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता हेच मेथी निवडत म्हणा. रडायचं नाही. एखादी काडी जून निघाली तर राग तिच्यावर काढा."

मी जमिनीवर बसले. नसलेल्या जुडीचा दोरा सोडला, पानं खुडायला लागले. चौदा वर्षं जी वाक्यं मी प्रेक्षकांवर फेकत होते, ती त्या दिवशी पहिल्यांदा नुसती बोलले. मागे रांगेत कुजबुजणारी पोरं गप्प झाली. संपलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा होता.

त्या माणसाला नाटक कळत होतं. हे मला आजही नाकारता येत नाही. फसवणारा म्हणजे काहीतरी गबाळं करणारा, इंग्रजीत चुकीचे मेसेज पाठवणारा, लॉटरी लागली म्हणून सांगणारा, असं आपण धरून चालतो. इथे ऑडिशन खरी होती. ती खरी होती म्हणून तिच्या पुढचं सगळं मी खरं मानत गेले.

मंगळवारी रात्री फोन आला तेव्हा भाकरी तव्यावर होती. "ताई, अभिनंदन. थोरल्या सुनेची भूमिका तुमची." भाकरी करपली. नाईट २,५०० रुपये. (बाहेरच्यांसाठी सांगते, प्रत्येक प्रयोगाला कलाकाराला जे पैसे मिळतात त्याला आमच्यात नाईट म्हणतात, प्रयोग सकाळी अकराचा असला तरी.) फक्त एक होतं. मागच्या दौऱ्यात एक मुलगी सिरियल मिळाली म्हणून अर्ध्यावर सोडून गेली, प्रयोग रद्द करावे लागले, म्हणून यंदा निर्मात्यांनी १५,००० रुपये तालीम अनामत ठेवायला सांगितली आहे. पाच प्रयोग झाले की परत.

हे कारणही किती चोख! सिरियलच्या तारखांपायी नाटकांची होणारी ओढाताण आम्ही सगळे बघतोच.

नवरा म्हणाला, "काम तू करणार आणि पैसेही तूच देणार?" मी त्याला म्हटलं, "तुला नाटकातलं काय कळतं?" रात्रीच क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले. स्क्रीनवर संस्थेचं नाव आलं नाही, कुणा एका बाईचं नाव आलं. सरांच्या सौ. असतील, असं मीच ठरवून टाकलं.

पैसे देणं मला खटकलंच नाही, याचं कारण नंतर डोक्यात आलं. हौशी रंगभूमीवर आम्ही पैसे देऊनच काम करतो. नेपथ्याला कमी पडले की वर्गणी, टेम्पोला वर्गणी, साड्या घरच्या, वडापाव पदरचा. स्पर्धेत मिळणाऱ्या रकमेत खर्च भागत नाही आणि त्याची तक्रारही कोणी करत नाही. खिशाला चाट लावून रंगमंचावर उभं राहायची आम्हाला इतकी सवय की कोणी मागितले की हात पर्समध्ये जातोच. व्यावसायिकला उलटं असतं. तिथे पैसे निर्मात्याकडून कलाकाराकडे येतात. कधी उशिरा येतात, कधी नाईट थकते, तीन-तीन प्रयोगांची एकदम मिळते, पण दिशा बदलत नाही. जिथे ती उलटी फिरली तिथे नाटक नाही, एवढं मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, कारण मी हौशी होते. बाहेरची एखादी बाई कदाचित वाचली असती.

तालमी खरोखर झाल्या, सहा. हातात आलेली संहिता अठरा पानांची झेरॉक्स, फक्त पहिला अंक. दुसरा अंक लेखक सुधारतोय म्हणाले. आता लाजेची गोष्ट सांगते. आपल्याकडे तिकीट लावून नाटक करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, त्यांचं प्रमाणपत्र लागतं. बोलताना आम्ही त्याला सेन्सॉर म्हणतो. स्पर्धेच्या नाटकालाही ते लागतं, आणि आमच्या मंडळाचे ते कागद दरवर्षी मीच करते. महिन्यावर प्रयोग आलेल्या नाटकाचा दुसरा अंक लिहून झालेला नाही, तर सेन्सॉर कशाचं झालं? हा प्रश्न मला पडला होता. मी विचारला नाही. थोरली सून हातची जाईल असं वाटलं.

मग वेशभूषेचे ३,८०० झाले, दोन नऊवाऱ्या आणि ब्लाउजची मापं. त्याची छापील पावतीही मिळाली, वर जीएसटी नंबर.

चौथ्या तालमीला मी डबा विसरले. दादर स्टेशनवरून परत फिरले. जिना चढताना आतून माझीच वाक्यं ऐकू आली. आधी वाटलं कुणीतरी रेकॉर्डिंग लावलंय. दारातून पाहिलं तर हिरव्या ड्रेसमधली एक बाई जमिनीवर बसली होती आणि सर तिला सांगत होते, "रडायचं नाही. काडी जून निघाली तर राग तिच्यावर काढा."

तो क्षण मला अजून पचलेला नाही. पैशांपेक्षा ती मेथी जास्त लागली.

सरांनी मला पाहिलं आणि जराही न गडबडता म्हणाले, "या, या. ह्या तुमच्या डबल कास्ट. दौऱ्यात कोणी आजारी पडलं तर प्रयोग थांबायला नको." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मी डबा उचलून निघाले. आणि त्यानंतर, होय, त्यानंतर मी कलाकार ओळखपत्राचे २,२०० भरले. एवढं घातलंय तर आता मागे कशाला फिरायचं, या हिशेबाने. नाटकात काम करायला असलं कुठलंही कार्ड लागत नाही, हेही मला माहीत होतं.

१० एप्रिलला सकाळी पेपर उघडला. मराठी नाटक लागतं तेव्हा त्याची जाहिरात पेपरात येते, तारीख, वेळ, नाट्यगृह, सगळं. परवा पहिला प्रयोग आणि जाहिरातीत आमच्या नाटकाचं नावच नाही. ऑफिसला हाफ डे टाकला आणि ज्या नाट्यगृहात शुभारंभ होता त्याच्या बुकिंगच्या खिडकीवर गेले. आतल्या माणसाने वही फिरवून दाखवली. १२ तारखेला सकाळी बालनाट्य, दुपारी आणि रात्री दुसरी दोन नाटकं. "या नावाचं नाटकच नाहीये, बाई. तारखा काय आदल्या दिवशी मिळतात का? महिने आधी वाटप होतं." एवढं विचारायला मला तिकिटाचे दहा रुपये आणि अर्धा दिवस लागला. मार्चमध्येही तेवढाच लागला असता.

हॉलला कुलूप. वॉचमन म्हणाला, ते लोक तासाचे पैसे रोख देऊन जायचे, नाव लिहायचेच नाहीत. सगळे फोन बंद. या नाटकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येत होतं, त्यामुळे दोन दिवस आम्ही सगळे एकाच खोलीत तोंडाला पट्टी लावून बसल्यासारखे. शेवटी त्या हिरव्या ड्रेसवालीने नंबर बघून एकेकाला फोन लावले. २३ जण निघालो. त्यात थोरल्या सुना पाच. सासरा एकच, तोही डोंबिवलीचा निवृत्त शिक्षक, त्यांनी पेन्शनमधून दिलेले.

पावती ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्या ताईंना दाखवली. त्यांनी पेनाच्या टोकाने मोजलं. "अगं, चौदाच आहेत. जीएसटी नंबर पंधराचा असतो." पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं-आकडे म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की कोणाचा आहे ते फुकट दिसतं, हेही त्यांनीच सांगितलं.

पोलीस स्टेशनला आम्ही सात जण गेलो. बाकीचे लाजले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, फक्त "सहा तालमी झाल्या म्हणता, मग फसवणूक कशी?" हे समजावताना अर्धा तास गेला. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमाखाली, म्हणजे ज्याला आपण अजून चारशेवीसच म्हणतो, अर्ज घेतला. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगितलं. तीही केली. पण तो फोन पैसे गेल्या गेल्या, काही तासांत केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे जाऊन महिना झाला होता. तरी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवला होता म्हणून तक्रार एकाच बैठकीत झाली. ज्यांनी रोख दिले त्यांच्याकडे दाखवायला काही नाही. त्या बाईच्या खात्याचा तपास सुरू आहे, इतकंच अजून कळलंय.

पाचही सुनांचा वेगळा ग्रुप आहे. गेल्या रविवारी दादरला भेटलो, अर्ज पुढे कुठे गेला ते बघायला. चहा घेताना हिरव्या ड्रेसवाली म्हणाली, "आपण पाच जणीच आहोत, यंदा स्पर्धेला एखादं नाटक बसवू या का?" सगळ्यांच्या तोंडून एकदम हो आलं. मग दिग्दर्शन कोण करेल, संहिता कोणाची, तालमीला जागा कुठे, असं बरंच बोललो. वर्गणी किती काढायची, हा विषय काही कोणी काढला नाही.