सायडरची २५ लिटरची बादली: दोन हंगामांनंतर

इंग्लंडात ब्रिस्टलला सप्टेंबर लागला की शेजारीपाजारी परसातली ब्रॅम्ली जातीची आंबट सफरचंदं पिशव्या भरभरून आणून देतात. म्हणून घरी सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू, करायचं हे किट घेतलं. बादली, एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारं साधन; साखर आंबत गेली की आकडा उतरतो), नळी आणि यीस्ट, असं नेहमीचंच सामान. मला लिहायचंय ते झाकणाबद्दल.

झाकण नीट बसतच नाही. कितीही दाबा, हँडलच्या बाजूला नखाचं टोक जाईल एवढी फट राहते. साबणाचं पाणी लावलं की नेमका तिथेच फेस फुलतो आणि एअरलॉकमधलं पाणी ढिम्म हलत नाही. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं की बुडबुडे नाही आले तरी रस आंबतो, आणि नवं झाकण हवंच असेल तर विकत घ्या. किंमत जवळपास अर्ध्या बादलीएवढी! सदोष माल आपण द्यायचा आणि दुरुस्तीचे पैसे गिऱ्हाइकाकडून काढायचे, हे मला अजिबात मान्य नाही.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मात्र हायड्रोमीटरने दाखवलं. १.०५० वरचा रस १.००० वर उतरला, म्हणजे साधारण साडेसहा टक्के अल्कोहोल. रस जोरात आंबत असताना कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत असतो, त्यामुळे फटीतून हवा आत यायला वाव नसतो. खरा त्रास पुढे होतो. आंबणं मंदावलं की त्याच फटीतून हवा आत शिरते. पहिल्या हंगामात वर पांढरट पापुद्रा धरला आणि अख्ख्या बादलीचं व्हिनेगर झालं. टाकून द्यायला जीव होईना, अजून सॅलडवर घालतोय.

दुसऱ्या हंगामात रस १.०१० वर येताच नळीने काचेच्या जुन्या डेमिजॉनमध्ये काढला. साडेचार लिटरचे हे बुधले इथे सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळतात. गळ्यापर्यंत भरले, गाळ खाली राहू दिला. फरक जमीन-अस्मानाचा! सायडर नितळ, वासाला स्वच्छ. नुसत्या ब्रॅम्लीची फार आंबट होते, म्हणून यंदा निम्मी डॅबिनेट मिसळली. या जातीत आंबटपणा कमी आणि तुरटपणा भरपूर. ती मिळाली नाही तर कडक कोरा चहा घाला, थोडा तुरटपणा येतो. तयार रस वापरणाऱ्यांनी पोटॅशियम सॉर्बेट हे टिकाऊपणासाठीचं रसायन नसलेलाच घ्यावा, नाहीतर यीस्ट वाढतच नाही.

फसफसणारी हवी असेल तर हायड्रोमीटरचा आकडा स्थिर झाल्यावरच लिटरमागे ५-६ ग्रॅम साखर घालून दाब सोसणाऱ्या जाड बाटल्यांत भरा. घाई केली तर बाटल्या फुटतात. इथे स्वतःपुरती करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्य करता येत नाही, हे तिकडच्यांनी ध्यानात ठेवावं.

सुरुवातीला या किटला एकच तारा देणार होतो, आता तीन देतो. बादली भक्कम आहे, धुवायला सोपी आहे, पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांसाठी उत्तम आहे. पण ‘संपूर्ण किट’ म्हणून विकायच्या लायकीची नाही. झाकणाबद्दलची माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे. नुसती बादली मिळत असेल तर घ्या, आणि वाचलेल्या पैशांत दोन-तीन जुने डेमिजॉन घ्या.