दहा रुपयांची कॅम्पा: चव, लेबल आणि दुकानदाराचे वरचे दोन रुपये

सरळ सांगतो, कॅम्पा या कोल्ड्रिंकच्या कोला, ऑरेंज आणि लेमन या तिघांत ऑरेंज सगळ्यात भारी आहे. लेमन उन्हाळ्यात जेवणानंतर मस्त लागतं, कोला पण चांगला आहे, वडापावबरोबर तर एकदम जमतो, पण ऑरेंज चांगलं गार असेल तर बाटली कधी संपली कळत नाही. ज्यांनी लहानपणी गोल्ड स्पॉट हे जुनं ऑरेंज कोल्ड्रिंक प्यायलंय त्यांनी हे एकदा घेऊन बघाच.

नवीन पोरांना कॅम्पा हे नाव बहुतेक वरळीच्या त्या कॅम्पा कोला कंपाउंडमुळे माहीत असेल, २०१३-१४ मध्ये अनधिकृत मजल्यांवरून केवढं प्रकरण झालं होतं, टीव्हीवर रोज तेच. ती जागा मुळात कॅम्पा बनवणाऱ्या प्युअर ड्रिंक्स कंपनीकडे होती, आणि ही कंपनी आधी कोका-कोलाच बाटल्यांत भरायची. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री, विदेशी कंपन्यांनी हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा हा फेरा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा आग्रह, कोकने देश सोडला आणि बाजारात रिकाम्या झालेल्या जागेत थम्स अप, कॅम्पा, सरकारी कंपनीचं डबल सेव्हन असं सगळं आलं. मग १९९३ मध्ये कोक परत आला, पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले आणि कॅम्पा हळूहळू दिसेनाशी झाली. २०२२ मध्ये रिलायन्सने ब्रँड घेतला, मार्च २०२३ मध्ये बाजारात आणला, २०० मिली १० रुपयांना. मला या किमतीचं खरंच कौतुक आहे, कारण त्याच्यामुळे बाकीच्यांनाही छोट्या बाटलीच्या भावाचा विचार करावा लागला आणि फायदा आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचा झाला.

आणि १० रुपये म्हणजे किती कमी ते कर बघितल्यावर कळतं. कोल्ड्रिंकवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के सेस म्हणजे जादा कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी झाला, म्हणजे बेरीज तीच. पूर्ण साखळीचा हिशेब धरला तर १० रुपयांतले साधारण २ रुपये ८५ पैसे कराचे, उरलेल्या सात रुपये पंधरा पैशांत बाटली, झाकण, साखर, गॅस, ट्रक, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदाराचं मार्जिन, सगळं बसवायचं.

आता दुकानदाराचा विषय. आमच्याकडे एका टपरीवर ही १० ची बाटली १२ ला देतात, विचारलं की "कूलिंग चार्ज, लाइट बिल कोण भरणार". लाइट बिल येतं हे खरं, उन्हाळ्यात फ्रीज दिवसभर चालतो, आणि कंपनीने फ्रीज दिला असेल तर त्यात दुसऱ्या कंपनीच्या बाटल्या ठेवू देत नाहीत, म्हणून छोट्या दुकानदाराला स्वतःचा फ्रीज लावावा लागतो, हे सगळं मला समजतं आणि त्याच्याबद्दल राग नाही. पण एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, दुकानात सीलबंद बाटली त्याच्यावर विकता येत नाही, गार असो नाहीतर गरम. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. हॉटेलात बसून मागवली तर गोष्ट वेगळी, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिलाय, तिथे बसायची जागा आणि सर्व्हिस असते म्हणून जास्त घेता येतात.

बाटली उलटी करून मागचं लेबलपण वाचत जा, कुठल्याही कंपनीची असू दे. ऑरेंज, लेमन हे नाव फ्लेवरचं असतं. फळाचा रस नसेल तर लेबल असं नको की घेणाऱ्याला फळाचं पेय वाटेल, हा एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नियम आहे. कोला असेल तर कॅफिन आहे हे लिहावं लागतं. साखरेचा आकडा १०० मिलीला दिलेला असतो, साध्या कोलात तो १० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे २०० मिलीच्या एका बाटलीत वीस-एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा बहुतेक कोटा झाला. म्हणून मी छोटी बाटलीच घेतो, २ लिटरची घरी आणली की तिचा गॅस जायच्या आत संपवायची म्हणून सगळे ग्लास भरभरून पितात. आणि शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी बंदी आहे, १० रुपये हा मुलांच्या खाऊच्या पैशाचा भाव आहे त्यामुळे पालकांनी शाळेजवळच्या दुकानांकडे लक्ष ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त खटकतं ते कराचं. साधा सोडा, साखर नाही फ्लेवर नाही, त्याला ५ टक्के. त्याच सोड्यात नुसता लिंबाचा फ्लेवर घातला, साखर अजिबात नाही, तरी ४० टक्के. गॅस नसलेलं गोड आंब्याचं ड्रिंक ५ टक्क्यांत, आणि सोड्यात खराखुरा १० टक्के संत्र्याचा रस घालून विकला तरी परत ४०. म्हणजे कर साखरेवर नाही, बुडबुड्यांवर आणि फ्लेवरवर आहे! २०१४ मध्ये पंतप्रधानांनी कोल्ड्रिंक कंपन्यांना सांगितलं होतं की ५ टक्के तरी फळांचा रस घाला, शेतकऱ्याचा माल खपेल. विदर्भात भाव पडला की संत्री बागेत सडतात, आपण दर थोड्या वर्षांनी बघतो. पण रस घालणारा आणि रंग-फ्लेवर घालणारा दोघांना सारखाच कर असेल तर कंपनी महागडा रस कशाला घालेल. दर कमी करा रसवाल्या सोड्याचा, आणि मग कॅम्पाने नागपूर संत्र्याचा रस असलेलं ऑरेंज काढावं, १५ रुपयांना विकलं तरी मी पहिला घेईन.

तोपर्यंत ऑरेंज, २०० मिली, गार, आणि १० रुपयांनाच.