१:२४ चं मुंबईतलं गॅरेज: किट, दिवे आणि एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

लेझरने कापलेल्या ३ मिमी एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटाचं) गॅरेज किट, त्यासोबत आलेला एलईडी संच आणि नंतर तो संच काढून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या सुट्या भागांतून केलेली वायरिंग, असा हा वापर. मॉडेल उन्हाळ्याच्या शेवटी उभं राहिलं, आता दिवाळी उलटली आहे. मध्ये अख्खा पावसाळा गेला. दिवे रोज संध्याकाळी लागतात. आधीच सांगतो: किट घेण्यासारखं आहे, त्यातले दिवे नाहीत.

आधी माप. १:२४ मध्ये खरा एक फूट म्हणजे १२.७ मिमी. बारा बाय वीस फुटांचा गाळा १५२ बाय २५४ मिमी होतो, म्हणजे मुंबईच्या घरातल्या शोकेसमध्ये मावतो. पद्मिनी गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणून मॉडेल १६३ मिमीच्या आसपास. मागे नऊ सेंटिमीटर उरतात, त्यात टेबल, व्हाइस आणि टायरची चळत बसते. १:६४ च्या गाड्या स्वस्त आणि मुबलक आहेत, पण त्या मापात ट्यूबलाइट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक होते आणि वायर लपवायला जागाच उरत नाही. दिवे लावायचे असतील तर १:२४ घ्या. १:४३ ही शेवटची तडजोड.

किटचे सांधे घट्ट बसतात, भिंती काटकोनात येतात. पण लेझरने करपलेल्या तपकिरी कडांवर तसाच फेव्हिकॉल लावू नका. करपलेला थर आतल्या एमडीएफला धड धरून नसतो, आणि पांढऱ्या रंगातून तो डाग दोन हातांनंतरही वर येतो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासायच्या, मग सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचे) दोन हात, मध्ये ४०० ने हलका हात. कडा रंग पितात, सपाट भाग पीत नाही, म्हणून कडांना तिसरा हातही लागतो.

आता ज्या गोष्टीकडे माहितीपत्रकात बोटही दाखवलेलं नाही, ती: तळपाट दोन्ही बाजूंनी सील करा. वरून प्राइमर आणि रंग, खालून कोरा एमडीएफ, असं ठेवलं की जुलैच्या दमट हवेत खालची बाजू ओल शोषून फुगते, वरची फुगत नाही आणि पाट वाकतो. अडीचशे मिमी लांबीत दोन-तीन मिमीचा बाक आला की शटरची चौकट तिरकी होते आणि शटर खाचेत अडकतं. दोन्ही बाजूंना सारखेच हात दिलेला पाट पावसाळाभर सरळ राहिला.

किटमधलं गॅरेज परदेशी धाटणीचं आहे: वर सरकणारं फळ्यांचं दार आणि दोन खांबांची लिफ्ट. आपल्या गल्लीतलं गॅरेज हवं असेल तर शटर आणि पत्रा स्वतः करावे लागतात, आणि दोन्ही पुठ्ठ्यातून फुकट निघतात. मोबाइल, चार्जर यांच्या खोक्यांचा बारीक नालीचा पुठ्ठा घ्या. वरचा कागद ओल्या स्पंजाने भिजवून सोलला की आतल्या नाल्या दिसतात, साधारण सव्वातीन मिमी अंतरावर. चोवीसने गुणलं की ७५ ते ७८ मिमी. शटरची खरी पट्टी याच मापाची असते आणि नालीदार लोखंडी पत्र्याची नालीही. सिमेंटच्या पत्र्याची नाली मोठी, १४६ मिमीची, म्हणजे मॉडेलमध्ये ६ मिमी. त्याला नेहमीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चालतो. सोललेल्या पुठ्ठ्याला लगेच पातळ सीलर द्या, नाहीतर पहिल्या पावसात तो ढिला पडतो.

गंजासाठी गेरू आणि थोडी काजळी पुरते. गेरू कोरड्या ब्रशने पत्र्याच्या खालच्या कडेला आणि खिळ्यांच्या भोवती, वरून खाली ओढायचा. चहापूड वापरायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओंत मिळतो. मुंबईत तो मानू नका, ऑगस्टमध्ये तिच्यावर बुरशी येते. मॅट वार्निशचा स्प्रेही पावसाळी दिवशी मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पांढुरका पडदा धरतो. त्या दिवसांत पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश ब्रशने लावलेलं बरं.

कोब्यासाठी टाइल ग्राउटची राखाडी पूड, पाणी आणि फेव्हिकॉल यांचा मिमीभर जाडीचा थर. तेलाचे डाग मात्र शेवटी: गडद तपकिरी रंग ग्लॉस वार्निशमध्ये मिसळून, इंजिनाखाली जिथे ठिबकेल तिथेच. बाकी जमीन मॅट आणि डाग चकचकीत असला तरच दिवा त्यात चमकतो आणि डाग ओला वाटतो.

आता दिवे. किटसोबत सीआर२०३२ चे दोन सेल, एक स्विच आणि रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) न लावलेले पिवळट एलईडी आले. अशा रचनेत करंटला लगाम असतो तो फक्त सेलच्या आतल्या रोधाचा. नवा सेल घातला की दिवे डोळ्यांत भरतात, आणि काही तासांत मलूल होतात. या सेलची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास, तीही अगदी मंद खपतीला. दर आठवड्याला सेल बदलणं परवडत नाही. शिवाय रंगही चुकीचा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये वर ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते आणि पिवळा दिवा बॉनेटखाली लटकवलेला हातदिवा असतो. सगळीकडे पिवळा उजेड टाकला की गॅरेजऐवजी कॅफे दिसतो.

बदललेली रचना अशी. ५ व्होल्टचा साधा मोबाइल चार्जर. पॉवर बँक नको: एकूण खपत तीस मिलीअँपिअरच्या आत राहते आणि बऱ्याच पॉवर बँका इतक्या कमी खपतीला काही लागलेलं नाही असं समजून बंद होतात. तळपाटाखाली झीरो पीसीबीची (सोल्डर करायला भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डाची) एक पट्टी, तिच्यावर पाच व्होल्टची एक रांग, ग्राउंडची एक रांग आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रेझिस्टर.

एकाच रेझिस्टरवर दिवे समांतर जोडायचा मोह टाळा. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात, लाल एलईडी दोनच्या आतच पेटतो. दोघे एका रेझिस्टरवर आले तर लाल सगळा करंट घेतो आणि पांढरा विझलेला राहतो.

ट्यूबसाठी ३ व्होल्टची ३८ मिमी एलईडी फिलामेंट (सलग उजेड देणारी बारीक एलईडी काडी), थंड पांढरी, दोन नग, प्रत्येकी २२० ओहम. नऊ-दहा मिलीअँपिअरवर ती सलग पेटते, ठिपके दिसत नाहीत. दोन्ही टोकांना मिमीभर काळा रंग दिला की जुन्या ट्यूबची काळवंडलेली टोकं हुबेहूब येतात. चार फुटी ट्यूब या मापात ५० मिमी होते, ३८ मिमी म्हणजे तीन फुटी. डोळ्याला खटकत नाही. घेताना व्होल्टेज विचारून घ्या. फिलामेंट बल्बमध्ये दिसायला तशीच पट्टी असते, पण तिला साठहून जास्त व्होल्ट लागतात आणि ५ व्होल्टवर ती पेटत नाही. हातदिव्याला ०६०३ या चिमुकल्या आकाराचा पिवळा एलईडी आणि १ किलोओहम, म्हणजे दोन-तीन मिलीअँपिअर. शटरवरच्या बाहेरच्या बल्बला तेवढंच. मागच्या भिंतीवर देवाच्या फोटोखालच्या लाल दिव्याला त्याहून लहान ०४०२ चा लाल एलईडी आणि ४.७ किलोओहम. अर्ध्या मिलीअँपिअरच्या जरा वर जातो, आणि तेवढाच हवा. ट्यूब बंद करून तो एकटा ठेवला की शटर अर्धं ओढलेलं गॅरेज रात्रीचं दिसतं.

उजेड किती हवा हे हिशेबाने ठरत नाही, डोळ्याने ठरवा. १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) १०० ओहमसोबत एकसरीत जोडा (तो १०० ओहम नसेल तर प्रीसेट शून्यावर येताच एलईडी जातो), खोली अंधारी करा, गाडी आत ठेवा आणि फिरवत राहा. जागा सापडली की मल्टिमीटरने रोध मोजून जवळचा पक्का रेझिस्टर लावा. तयार डिमर वापरू नका. ते दिवा वेगाने चालू-बंद करून मंद करतात, डोळ्याला कळत नाही, पण मोबाइलच्या फोटोत काळे पट्टे येतात.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी छताला चिकटवणं सगळ्यात सोपं वाटतं. तिचा तोटा गाडीवर दिसतो: चकचकीत बॉनेटमध्ये प्रत्येक एलईडीचा वेगळा ठिपका उमटतो आणि खेळणं आहे हे लगेच कळतं. पट्टी वापरायचीच असेल तर खाली दहा मिमी अंतरावर बटर पेपर ताणा.

सोल्डरिंगला २५ वॉटची गन आणि ०.५ मिमीची ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर तार. एनॅमल वायर (लाखेसारखा थर दिलेली तांब्याची तार) ०.१ मिमीची, टोकाचं एनॅमल गरम सोल्डरच्या थेंबात धरून जाळायचं, ब्लेडने खरवडलं तर वायर तुटते. प्रत्येक एलईडी वायर ओवण्याआधी, ओवल्यानंतर आणि चिकटवल्यानंतर असा तीनदा तपासा. वायर नेहमी एलईडीच्या सांध्यापाशीच तुटते, म्हणून तिथे नेलपॉलिशचा थेंब द्या. इन्स्टंट ग्लू एलईडी किंवा काचेजवळ नको. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. काचांना फेव्हिकॉलच लावा, वाळला की दिसत नाही.

पावसाळ्याने दोन गोष्टी बिघडवल्या. छताच्या जोडणीला तांब्याची चिकट पट्टी एकावर एक चिकटवली होती. तिचा गोंद विजेला खात्रीचा नसतो, दमट हवेत सांधा काळवंडला आणि ट्यूब लुकलुकू लागली. पट्टी वापरा, पण प्रत्येक सांध्यावर सोल्डर टाका. दुसरं, पेस्ट फ्लक्सचे (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या पेस्टचे) अवशेष. न पुसलेल्या सांध्यांवर हिरवट थर आला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेले तसेच राहिले. समुद्राजवळ राहत असाल तर पुसल्यावर सांध्यांना स्वच्छ वार्निशही द्या.

यामुळेच छत काढता येणारं हवं. चार कोपऱ्यांत ३ बाय २ मिमीचे निओडायमियम मॅग्नेट, चिकटवण्यापूर्वी ध्रुव मार्करने खूण केलेले, आणि वायरसाठी दोन पिनांचा छोटा जेएसटी कनेक्टर मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपमागे लपवलेला. छताची वायर आठ-दहा सेंटिमीटर जास्त ठेवा, म्हणजे छत उलटं बाजूला ठेवून काम होतं. कायमचं चिकटवलेलं छत असतं तर ट्यूबसाठी भिंत फोडावी लागली असती.

उजेड कुठून गळतो ते अंधारात बघा. एमडीएफमधून गळत नाही, सांध्यांतून आणि पांढऱ्या सनबोर्डमधून (हलक्या फोमच्या पाटातून) गळतो. आतून रंगाआधी काळा ॲक्रिलिक हात, सांध्यांत काळा रंग मिसळलेला फेव्हिकॉल. ॲल्युमिनियमची टेप उजेड उत्तम अडवते, पण उघड्या सांध्याला टेकली की शॉर्ट.

वरून ३ मिमी ॲक्रिलिकचं झाकण आहे, मागच्या बाजूला खाली ५ मिमीची दोन भोकं आणि पाटाखाली ओल शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. जून ते सप्टेंबर ती दर पंधरवड्याने काढून तव्यावर मंद आचेवर मणी पुन्हा मूळ रंगाचे होईपर्यंत तापवायची. मणी काढून घ्या, पुडीचा कागद तव्यावर टाकू नका.